कलालीचा मक्ता : कारंजा (घाडगे) परिसरातील दारूच्या ठेक्याचा जमाखर्च

दारूचे दुकान मक्त्याने घेणे म्हणजे पुढच्या वर्षभरात किती दारू खपेल याचा अंदाज बांधून त्याचे पैसे सरकारला आधीच कबूल करणे. खप झाला नाही तरी कबूल केलेली रक्कम टळत नाही. वर्धा जिल्ह्यात आणि त्याच्या भोवतालच्या मुलखात हा व्यवहार भोसल्यांच्या अमलापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या ना त्या रूपाने चालला. सरकार बदलले, कायदे बदलले, भट्टी गावातून उठून शहरात गेली. एक गोष्ट मात्र फारशी बदलली नाही : उत्पन्नाची हमी सरकारकडे, तोट्याची जोखीम मक्तेदाराकडे, आणि मक्तेदाराला झेपेनाशी झालेली जोखीम शेवटी पिणाऱ्याच्या घरावर.

कारंजा (घाडगे) हे गाव नागपूर-अमरावती रस्त्यावर, दोन्ही शहरांच्या जवळपास मध्यावर वसले आहे. वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) पासून वेगळे ओळखू यावे म्हणून ‘घाडगे’ हे नाव पुढे लागते. १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला तेव्हा त्यात वर्धा, हिंगणघाट आणि आर्वी अशा तहसिली होत्या. कारंज्याचा भाग आर्वीत होता. आज तो स्वतंत्र तालुका आहे आणि कार नदीवरचे धरण व संत्र्याच्या बागा यांसाठी ओळखला जातो. इथल्या दारूच्या इतिहासाला मात्र दुसऱ्या दोन गोष्टींनी आकार दिला. एक म्हणजे उत्तरेकडचा डोंगराळ जंगलपट्टा, तिथली गोंड वस्ती आणि मोहाची झाडे. दुसरी म्हणजे सरहद्द. वर्धा नदीच्या पलीकडे वऱ्हाड. १८५३ पासून ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले खरे, पण निजामाच्या नावाने, आणि १९०३ पर्यंत त्याचा कारभार मध्यप्रांताहून वेगळा चालला. नदीच्या दोन काठांवर आबकारीचे दोन बंदोबस्त असणे दारूच्या धंद्याला फार महत्त्वाचे होते.

या मुलखाची दारू मोहाची. उन्हाळ्याच्या तोंडाशी पहाटे मोहफुले गळतात, ती वेचून वाळवतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याच्या आसपास साखर असते. फुले मडक्यात पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत आंबतात. या आंबलेल्या मालाला सडवा म्हणतात. सडवा भट्टीवर चढवायचा, मडक्याच्या तोंडावर दुसरे भांडे मातीने लिंपून बसवायचे, त्यातून नळी काढून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात सोडायची, की वाफेची दारू होऊन ठिबकते. पहिल्या धारेची कडक, पुढची उतरत गेलेली. यासाठी लागणारे सामान म्हणजे फुले, पाणी, सरपण आणि मडकी. जंगलाच्या कडेला यातले बहुतेक फुकट किंवा कवडीमोल. ठेक्याचे सगळे अर्थकारण या स्वस्ताईतून निघते. जिथे माल करायला जवळजवळ काही लागत नाही, तिथे धंद्याचा खरा खर्च म्हणजे तो करण्याची परवानगी. आणि परवानगी नसलेल्याला तोच माल परसात करता येत असल्यामुळे परवानगीवाल्याच्या डोक्यावर स्पर्धेची तलवार कायम टांगलेली.

भोसल्यांच्या राज्यात दारू गाळण्या-विकण्यावरच्या कराला कलाली म्हणत. हा धंदा प्रामुख्याने कलार समाजाच्या हातात होता. रसेल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातीजमातींच्या ग्रंथात या समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातल्या अनेक घराण्यांनी पुढे शेती, व्यापार आणि नोकरीची वाट धरली. उलट इंग्रजी लिलावांच्या काळात ज्याच्याकडे रोख पैसा आणि जामीन आहे असा कोणत्याही जातीचा माणूस मक्त्यात उतरू लागला. दारू गाळण्याचे कसब आणि मक्ता घेण्याची ऐपत या दोन गोष्टी एकमेकांपासून सुटल्या, आणि कसबी माणूस हळूहळू मक्तेदाराचा नोकर झाला.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी भोसले वारले, पाठोपाठ राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांत बनला. नव्या सरकारने आबकारीचे दोन मार्ग ठेवले. दूरच्या आणि जंगलाच्या भागांत बाहेरभट्टीची पद्धत होती : एका ठरावीक टापूत दारू गाळायचा आणि विकायचा हक्क वर्षाकाठी लिलावाने द्यायचा. मोठ्या गावांच्या आसपास सदर भट्टीची पद्धत होती : सरकारी आवारातच दारू गाळायची, दर गॅलनला कर भरून ती बाहेर काढायची, आणि किरकोळ दुकानांचे परवाने मात्र लिलावाने विकायचे. दोन्ही पद्धतींत लिलाव होताच. फरक इतकाच की बाहेरभट्टीवाल्याला एकदा बोलीची रक्कम भरली की पुढच्या प्रत्येक बाटलीवर सरकारला काही द्यावे लागत नसे. त्यामुळे जितकी जास्त दारू खपेल तितका मक्ता हलका पडे. दारू स्वस्त करा, उधार द्या, पण खपवा, हा हिशेब या पद्धतीतच बसवलेला होता. त्याचा दोष एकट्या मक्तेदाराच्या लोभावर टाकणे अन्यायाचे होईल.

लिलाव जिल्ह्याच्या ठिकाणी, डेप्युटी कमिशनरच्या देखरेखीखाली होत. एकेका गावाचे दुकान पुकारले जाई आणि बोली चढत जाई. शेवटची बोली बोलणाऱ्याला रकमेचा काही भाग तिथल्या तिथे भरावा लागे, उरलेल्यासाठी जामीन द्यावा लागे आणि बाकी हप्त्यांनी भरावी लागे. बोलीदाराला आपल्या अंदाजापेक्षा शेजाऱ्याच्या जिद्दीचा फटका अधिक बसे. शेजारच्या दुकानदाराने आपल्या गावचे दुकान घेतले तर तो तिथे दारू स्वस्त करून आपले गिऱ्हाईक ओढील, या भीतीने दुकानाच्या ऐपतीपेक्षा जास्त बोली लागे. गेल्या वर्षी ज्याने मक्ता घेतला त्याच्याकडे भांडी, जागा, उधारीच्या वह्या असत. मक्ता हातचा गेला तर त्या उधारीची वसुली बुडणार हे त्याला ठाऊक असे. म्हणून जुना मक्तेदार तोट्याची बोलीही बोलून जाई.

हिशेब कसा बसतो हे पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. एखाद्या बाजारगावचे दुकान वर्षाला १,२०० रुपयांना सुटले असे धरू. महिन्याला १०० रुपये झाले. बाटलीमागे मालाची किंमत वजा जाता चार आणे सुटत असतील, तर नुसता मक्ता फेडायला महिन्याला ४०० बाटल्या खपल्या पाहिजेत. जागेचे भाडे, विक्रीवर बसणाऱ्या माणसाचा पगार, बैलगाडीची वाहतूक, फुटतूट, गळती आणि उधारीतली बुडीत हे सगळे त्याच्यावर. आता लिलावात चुरस होऊन बोली १,८०० वर गेली तर त्याच गावात, तेवढ्याच माणसांत, महिन्याला ६०० बाटल्या खपवाव्या लागतात. गावात पिणारी माणसे काही दीडपट होत नाहीत. मग उरलेल्या २०० बाटल्यांची भरपाई करायला मार्ग तीनच : आहे त्या माणसाला जास्त पाजणे, बाटलीत पाणी घालणे, किंवा हिशेबाबाहेरचा माल विकणे. मक्तेदारांवर वर्षानुवर्षे झालेले बहुतेक आरोप याच तीन मार्गांचे आहेत.

खप महिन्यागणिक सारखाही नसे. कपाशीचा पैसा हातात आला की दुकान भरे, लग्नसराईत आणि होळीला भरे, पोळ्याला आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या करीला तर विशेष. पेरणीपासून पीक हाती येईपर्यंतचे महिने कोरडे. हप्ता मात्र कोरड्या महिन्यातही तेवढाच. शिवाय आठवड्यातला खरा धंदा बाजाराच्या एका दिवसाचा. त्या दिवशी झड लागली, नाल्याला पूर आला, तर पुढचे सहा दिवस नोकराचा पगार अंगावर.

याहून मोठी जोखीम पिकाची आणि भावाची. वर्धा जिल्हा कपाशीचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ मध्ये, कापसाला आलेला भाव या भागाने पाहिला आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरवर गेले. पुढे हंगाम चांगला गेला की लिलावाच्या बोलींवर त्याचा रंग चढे. बोली मागच्या हंगामाच्या भरवशावर लागे आणि पैसे मात्र पुढच्या हंगामातून फेडायचे असत. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मध्यप्रांताचे कंबरडे मोडले. ज्याच्या घरी ज्वारी नाही तो दारू कुठून घेणार? १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीने गावेच्या गावे आजारी पडली. १९२९ नंतरच्या मंदीत कापसाचे भाव कोसळले तेव्हाही तीच गत झाली. मालगुजाराला दुष्काळात सारा तहकूब किंवा माफ होण्याची आशा तरी असे. मक्ता हा सरकारशी स्वखुशीने केलेला करार. त्यात सूट मिळाली तर ती मेहेरबानी, हक्क नव्हे.

हप्ता थकला की परवाना रद्द होई आणि दुकान पुन्हा लिलावाला निघे. दुसऱ्या खेपेला कमी बोली आली तर फरकाची रक्कम पहिल्या मक्तेदाराच्या माथी. ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येई, म्हणजे जंगम माल, घर, शेत, सगळ्यावर टाच येऊ शके. जामीन राहिलेला भाऊ किंवा सोयराही सुटत नसे. १९१५ च्या मध्यप्रांत आबकारी कायद्याने ही चौकट पक्की केली आणि स्वातंत्र्यानंतरही मध्य प्रदेशात ती बराच काळ तशीच राहिली. अशी वसुली रास्त आहे का, या प्रश्नाचा निकाल देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये हरशंकर खटल्यात लावला. पंजाबातल्या ठेकेदारांनी १९६८-६९ च्या लिलावात मोठ्या बोली बोलल्या होत्या. पैसे उभे राहिनात तेव्हा त्यांनी त्या वसुलीलाच आव्हान दिले. न्या. यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा की दारूचा व्यापार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, लिलावाची रक्कम म्हणजे सरकारने आपला विशेष अधिकार विकल्याची किंमत आहे, आणि डोळे उघडे ठेवून करार केलेल्याला तोटा झाला म्हणून त्यातून अंग काढता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे सरळ आहे. पण बोलीच्या वेळी चुरस वाढेल अशी व्यवस्था करणारेही सरकारच होते, हेही तितकेच खरे.

मक्तेदाराने हा भार पुढे कसा सरकवला, हे या इतिहासातले सर्वांत दुःखाचे पान आहे. दुकानाच्या खोलीत एक लाकडी फळी किंवा ओटा, मागे पिंप, हाताशी मापाची भांडी आणि एक वही. वहीत मजुरांची नावे आणि त्यांच्यापुढे बाटल्यांच्या खुणा. कापूस वेचणीची मजुरी यायच्या आधीच त्यातला हिस्सा वहीत गेलेला असे. मोहफुले, धान्य, प्रसंगी घरातले भांडे दारूच्या बदल्यात चाले. उधारी देणे ही मक्तेदाराची उदारता नव्हती. हप्त्याची तारीख गाठण्यासाठी त्याला आजचा खप दाखवायचा असे. आणि तोटा सोसायची ऐपत सगळ्यांत कमी असलेल्या माणसाच्या नावावरच तो शेवटी चढत असे. मजुराच्या घरच्या बाईने आठवडाभर राबून आणलेले पैसे लिलावातल्या एका चढ्या बोलीची परतफेड करत होते, हे कोणत्याही आबकारी अहवालाच्या कोष्टकात दिसत नाही.

चोरटी दारू ही दुसरी कायमची जोखीम. डोंगरातल्या वस्तीत मोहाची दारू देवाला चढते, बारशाला-लग्नाला-मौतीला लागते. ती घरी गाळणे हा तिथल्या लोकांच्या दृष्टीने गुन्हा नव्हता. कायद्याने तो केला. मक्तेदाराला अशा भट्ट्यांची खबर ठेवावी लागे, त्यासाठी माणसे पाळावी लागत, सरकारी शिपायाची मर्जी राखावी लागे. हा खर्च कोणत्याही परवान्यावर लिहिलेला नसे. सरहद्दीचे दुकान तर दुहेरी पेचात. नदीपलीकडे वऱ्हाडात कर किंवा भाव कमी असला की गिऱ्हाईक उतार पाहून पलीकडे जाई, आणि तिकडची बाटली इकडे येई. उलट परिस्थितीत सरहद्दीवरच्या दुकानाला दोन मुलखांचा खप मिळे आणि त्याची बोली भडके. म्हणजे आपल्या हातात नसलेल्या, दुसऱ्याच कचेरीत ठरणाऱ्या दरावर दुकानाचे नशीब अवलंबून असे. या पट्ट्यातल्या दारूधंद्याचा हा गुण आजही गेलेला नाही.

बाहेरभट्टीवर विलायतेतही टीका होऊ लागली होती. ३० एप्रिल १८८९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात सॅम्युएल स्मिथ यांनी हिंदुस्थानातल्या आबकारी धोरणाविरुद्ध ठराव आणला आणि तो मंजूर झाला. त्यानंतर सरकारने आपले धोरण ‘कमीत कमी खपातून जास्तीत जास्त महसूल’ या सूत्रात मांडले. १९०५-०६ च्या भारतीय आबकारी समितीने करारावर चालणाऱ्या मोठ्या भट्ट्यांची पद्धत पुढे नेली. यात दारू एक ठेकेदार मोठ्या भट्टीत गाळतो, ठरलेल्या दराने दुकानदारांना पुरवतो, सरकार दर गॅलनला कर घेते, आणि दुकानदाराकडे फक्त विक्रीचा परवाना राहतो. मध्यप्रांतातही हळूहळू हीच पद्धत आली.

दुकानदाराचा हिशेब यामुळे पार बदलला. माल आता त्याचा राहिला नाही. कुठून घ्यायचा, किती कडक घ्यायचा, कोणत्या भावाने घ्यायचा, हे ठरलेले. विकायचा भाव आणि वेळाही ठरलेल्या. त्याच्या हातात फक्त बोलीचा आकडा राहिला. इंग्लंडात मद्यकंपन्यांच्या मालकीचा पब भाड्याने घेणाऱ्याची हीच अडचण शतकाहून अधिक काळ आहे. त्याला बिअर मालक कंपनीकडूनच, तिच्या भावाने घ्यावी लागे, वर भाडे वेगळे. १९८९ मध्ये तिथल्या सरकारने मोठ्या मद्यकंपन्यांच्या ताब्यातल्या पबांच्या संख्येवर आणि या बंधनावर मर्यादा घातली. तेव्हा अनेक पब मद्यकंपन्यांकडून निव्वळ मालमत्ता सांभाळणाऱ्या कंपन्यांकडे गेले, पण भाडेकरूच्या तक्रारी संपल्या नाहीत. २०१६ मध्ये त्यासाठी खास नियमावली आणावी लागली. मध्यप्रांतातल्या दुकानदाराला असे संरक्षण देण्याचा विचार कुणी केला नाही, कारण त्याच्याबद्दल सहानुभूती वाटावी असे तेव्हा कुणालाच वाटत नव्हते.

मोठ्या भट्टीबरोबर मोजमाप आले. आबकारी अधिकारी साइक्सच्या हायड्रोमीटरने दारूची कडकी तपासू लागले. ‘प्रूफ’ म्हणून ठरवलेल्या कडकीत अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ५७ टक्के असते. त्याहून २५ अंशांनी कमी असलेली दारू म्हणजे सुमारे ४२.८ टक्क्यांची. आजही महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर ४२.८ हाच आकडा छापलेला दिसतो, तो या जुन्या मोजणीतून आला आहे. अशा चार बाटल्यांत एक बाटली पाणी घातले तर कडकी ३४ टक्क्यांवर येते आणि दुकानदाराला एक बाटली फुकट पडते. चव सांभाळायला मग काही तरी मिसळणे आलेच. तपासणीत सापडला तर परवाना, अनामत आणि अब्रू तिन्ही जात. चढ्या बोलीचा दुकानदार ही जोखीम रोज पत्करत असे.

१९२० च्या डिसेंबरात नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि असहकाराचा कार्यक्रम पक्का झाला. १९२१ च्या आरंभी नागपूर आणि आसपास दारूच्या दुकानांसमोर निरोधन सुरू झाले, लिलावांवर बहिष्काराची हाक गेली. मक्तेदारासाठी ही अगदी नवी जोखीम. दुष्काळात गिऱ्हाइकाकडे पैसा नसतो; इथे पैसा आहे, पण दारात गावचीच पोरे हात जोडून उभी आहेत आणि जातपंचायत दंड ठोकायला बसली आहे. १९२१ मध्येच विनोबा वर्ध्याला आले. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या त्यांत संपूर्ण दारूबंदी होती, आणि मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी दारूच्या दुकानांवरील निरोधनाचे काम त्यांनी स्त्रियांकडे सोपवले. १९३६ पासून सेवाग्राम त्यांचे ठिकाण झाले. दारूबंदीचे देशातले मोठे केंद्र मक्तेदाराच्या जिल्ह्यातच उभे राहिले. कारंज्याहून अमरावतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोझरीला तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज वसवले, आणि व्यसनाविरुद्धची त्यांची खंजिरी या पट्ट्यातल्या गावागावांत पोचली. वर्षभराचा खप आधीच गृहीत धरून बोली लावणाऱ्याला अशा काळात अंदाजाचा आधारच उरत नव्हता.

१९१९ च्या सुधारणांनंतर आबकारी हे खाते प्रांतांतल्या हिंदी मंत्र्यांकडे आले. शाळा आणि दवाखाने याच मंत्र्यांनी चालवायचे होते, आणि त्यासाठीच्या पैशाचा एक मोठा स्रोत म्हणजे आबकारी. दारूबंदीची इच्छा आणि तिजोरीची गरज यांची ओढाताण तेव्हापासून सुरू आहे. १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे आणि पुढच्या वर्षी पं. रविशंकर शुक्ल यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले. १९३८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडाचा दारूबंदी कायदा झाला आणि प्रांताच्या काही भागांत तो अमलात आला. जिथे बंदी आली तिथे दुकान, भांडी आणि उधारीची वही एका आदेशासरशी निकामी झाली.

१९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि त्या राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे इकडेही लागू झाला. लिलावाने गावठेका देण्याची जुनी घडी मोडली. १९६० च्या दशकात महाराष्ट्राने बंदी सैल केली, तेव्हा आलेली व्यवस्था लिलावाची नव्हती, ठरावीक शुल्काच्या परवान्यांची होती. १९७३ च्या देशी दारू नियमांनी किरकोळ विक्रीचा सीएल-तीन परवाना आणला. परमिट रूमसाठी एफएल-तीन, बाटलीबंद विदेशी मद्याच्या दुकानासाठी एफएल-दोन. वर्धा जिल्ह्याने मात्र वेगळी वाट धरली. गांधी-विनोबांच्या कर्मभूमीचा मान म्हणून १९७० च्या दशकाच्या मध्यापासून जिल्ह्यात दारूबंदी आहे. पुढे १९९३ मध्ये गडचिरोलीत आणि १ एप्रिल २०१५ पासून चंद्रपुरात बंदी आली.

जिथे परवाने चालतात तिथला आजचा खर्च वेगळ्या जातीचा आहे. १९७० च्या दशकापासून देशी दारूची दुकाने आणि वाइन शॉप यांचे नवे परवाने देणे थांबले, त्यामुळे जुन्या परवान्याला दुर्मिळ वस्तूची किंमत आली. सरकारी शुल्क गावाच्या लोकसंख्येवर ठरते आणि दरवर्षी नूतनीकरणाच्या वेळी भरावे लागते. हस्तांतरात जुन्या परवानाधारकाला मोजावी लागणारी रक्कम त्याहून कितीतरी मोठी असते. लिलावाची बोली सरकारच्या तिजोरीत जाई, ही रक्कम परवाना धरून बसलेल्याच्या घरी जाते. ज्याच्याकडे परवाना नाही पण धंदा चालवायचा आहे त्याच्यासाठी जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने एक दार उघडले : एफएल-दोन आणि एफएल-तीन परवाने कराराने दुसऱ्याला चालवायला देता येतील, त्यासाठी वार्षिक शुल्कावर अनुक्रमे १५ आणि १० टक्के जादा भरायचे. त्याच निर्णयात विदेशी मद्यावरचा उत्पादन कर उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट झाला. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट त्याआधीच ५ वरून १० टक्के झाला होता. कराराने दुकान चालवायला घेणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर मालकाचे भाडे, सरकारचे जादा शुल्क आणि वाढलेला कर हे तिन्ही खप सुरू होण्याआधी ठरलेले. खप तेवढा अनिश्चित.

जागेची जोखीमही वाढली आहे. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला बंदी केली आणि १ एप्रिल २०१७ पासून ती लागू झाली. वीस हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी अंतर २२० मीटर केले, आणि शहरी हद्दींबाबत नंतर खुलासे झाले. पण मधल्या महिन्यांत रस्त्याकाठच्या असंख्य दुकानांना कुलूप होते आणि भाडे, पगार, कर्जाचे व्याज चालूच होते. दुसरी जोखीम गावाच्या मतदानाची. पुरेशा मतदारांनी किंवा महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी आडव्या बाटलीला मत दिले की दुकान बंद. अनुपस्थित मतदारही विरोधात मोजला जात असल्याने बायांना ही लढाई जिंकणे कठीण जाते, तरी महाराष्ट्रात कित्येक गावांनी ती जिंकली आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या घरांनी मक्तेदाराचा हप्ता फेडला त्याच घरांना या नियमाने पहिल्यांदा दुकानाच्या भवितव्यात मत मिळाले. ठेक्याच्या साऱ्या इतिहासात इतकी न्याय्य तरतूद दुसरी सापडत नाही.

कारंज्यात आज यांपैकी एकही परवाना मिळत नाही. कायद्याबाहेर मात्र मोहाची आणि गुळाची हातभट्टी चालते, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून बाटल्या येतात. पोलीस छापे घालून सडवा ओततात, पिंपे फोडतात, दारूबंदी कायद्याच्या कलम ६५ आणि ६६ खाली गुन्हे नोंदवतात. इथे मक्ता नाही, अनामत नाही, पण छापा पडला की भांडवल मातीत जाते, आणि पकडला जातो तो बहुधा गाळणारा किंवा वाहून आणणारा गरीब.

कायदेशीर दुकान जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे आहे. महामार्गावर नागपूरकडे निघाले की काटोल तालुक्यातले कोंढाळी लागते, अमरावतीकडे हद्द ओलांडली की तिवसा तालुका. अशा सीमेवरच्या दुकानांच्या खपात कोरड्या जिल्ह्याचे गिऱ्हाईक मिसळलेले असते, म्हणून तिथला परवाना किंवा चालवण्याचा करार घेणारा वर्ध्याच्या दारूबंदीचीही किंमत मोजत असतो. चंद्रपुरात सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, मंत्रिमंडळाने बंदी उठवली आणि जुन्या परवान्यांची दुकाने पुन्हा उघडली, तेव्हा शेजारच्या जिल्ह्यांतल्या हद्दीवरच्या दुकानांना मिळणाऱ्या या गिऱ्हाइकाचे कारणच संपले. वर्ध्याची बंदी राहील की उठेल हे मुंबईत ठरते, कोंढाळीच्या करारपत्रात त्याची हमी कुणी लिहून देत नाही.